प्राचीन मातीचे भांडे

सुरतेतली आमची मराठी शाळा पॉवरलूमच्या शेडला खेटून होती. खेटून म्हणजे शेडची भिंत हीच आमच्या तीन वर्गांची भिंत, आणि तिला वर जाळीचे झरोके. सकाळी सातला पलीकडे खटाखट सुरू व्हायची ती आमची शाळा सुटली तरी चालूच. मी साताऱ्याकडचा, मुळात हळू बोलणारा माणूस. दोन वर्षांत माझा आवाज असा झाला की सुट्टीत गावी गेल्यावर आई म्हणाली, "भांडतोयस कुणाशी?" पालक बहुतेक खानदेशातून आलेले, मागावरच कामाला, दिवसभर त्या आवाजात उभं राहून निम्मे बहिरे झालेले. आमची पालकसभा रस्त्याच्या टोकाच्या पानवाल्याला ऐकू जायची. अशा ठिकाणी आम्ही मूक लिलाव केला.

कल्पना शेठची. शेठ म्हणजे आमचे ट्रस्टी, साड्यांचे व्यापारी, गुजराती. ते लेकीकडे अमेरिकेला दोन महिने राहून आले आणि नातवाच्या शाळेत पाहिलेला प्रकार सोबत घेऊन आले. लोकांनी दान दिलेल्या वस्तू टेबलावर मांडायच्या. प्रत्येक वस्तूपुढे एक कागद. ज्याला वस्तू हवी त्यानं कागदावर नाव आणि आकडा लिहायचा, पुढच्यानं त्याच्याखाली जास्तीचा आकडा लिहायचा, आणि वेळ संपली की शेवटचं नाव ज्याचं, वस्तू त्याची.

"मास्तर, त्यां कोई बोले ज नई," शेठ म्हणाले. "कागळ पर लखे ने चाल्या जाय."

तिथे कोणी बोलतच नाही, कागदावर लिहितात आणि निघून जातात, हेच त्यांना सगळ्यात आवडलं होतं. पैसे कशाला हवे होते ते सांगायला नको. शेडच्या भिंतीला लागून आतून विटांची दुसरी भिंत घालायची होती, म्हणजे पोरांना बेचा पाढा तरी ऐकू येईल. मुख्याध्यापिकाबाई निवृत्तीला आल्या होत्या आणि ती भिंत बघितल्याशिवाय जाणार नाही असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं अक्षर चांगलं. मी एका मोठ्या कागदावर लाल शाईनं पाच नियम लिहिले. पाचवा नियम माझा स्वतःचा: आयोजकांनी बोली लावू नये. शेठना तो फार आवडला. मलाही आवडला. आपण किती सचोटीचे, असं वाटून मी तो कागद दोनदा जरा लांब उभा राहून वाचला.

वस्तू जमू लागल्या. त्या काळात लग्नात लेमन सेट द्यायची साथ होती. एक जग, सहा ग्लास, रंगीत खोका. तो खोका कोणी उघडत नसे. तो या लग्नातून त्या लग्नात जात असे. आमच्याकडे चाळीसेक वस्तू आल्या, त्यांतले अकरा लेमन सेट. तिसरीच्या बाईंनी त्यांतला एक खोका फुटलंय का बघायला उघडला, तर आत त्यांच्याच नवऱ्याच्या अक्षरातली 'सप्रेम भेट' अशी चिठ्ठी निघाली. बाकी घड्याळं होती, साड्यांचे कटपीस होते, मिरच्यांचं एक पोतं होतं. एका पालकाचं केशकर्तनालय होतं, त्यानं 'घरातल्या सर्वांचे सहा महिने केस कापणे, दाढी वेगळी' असं दान दिलं. एका रिक्षावाल्यानं सामानासकट स्टेशनपर्यंत एक फेरी दिली.

शिक्षकांनी दोन दोन वस्तू द्यायच्या असं ठरलं. मी लेमन सेट दिला. दुसरी वस्तू सापडेना. बायको बहिणीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस जवळच्या कडोदऱ्याला गेलेली, त्यामुळे विचारायला घरात कोणी नाही. शेठ म्हणाले, "जुनी चीज लावो मास्तर. तिकडे जुन्याचे जास्त पैसे येतात." मी घरी आलो आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. तिथे गोणपाटात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं एक मातीचं भांडं होतं. मोठं, बुडाला गोल, बाहेरून काळंकुट्ट. पाणी ठेवायच्या कामाचं नाही, ठेवलं तर जमिनीवर नीट बसतही नाही. मला वाटलं, जुनं म्हणजे याहून जुनं काय असणार. मी ते सायकलच्या कॅरियरला बांधून शाळेत नेलं आणि पुढच्या कार्डावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'प्राचीन मातीचे भांडे.' ते लवंडू नये म्हणून खाली साडीची चुंबळ ठेवली. मुख्याध्यापिकाबाई पुण्याच्या, त्यांना ते फारच रिकामं वाटलं, म्हणून त्यांनी त्यात कागदाची फुलं खोचली.

रविवारी दहाला दार उघडलं. माग पलीकडे चालूच होते. पालक नवे कपडे घालून आले, टेबलांभोवती फिरले, कागद वाचले, सुतानं बांधलेली पेन्सिल उचलली आणि ठेवली. एका मुकादमानं प्रेशर कुकरपुढे पन्नास लिहिले. मग काहीच झालं नाही. तासाभरानं मी सगळे कागद बघत गेलो, तर प्रत्येक कागदावर एकेकच नाव. कुकर पन्नासला, घड्याळ पंचवीसला, मिरच्यांचं पोतं तीसला.

मी कुकरपाशी रेंगाळणाऱ्या एकाला बाजूला घेतलं आणि त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, "तुम्हाला कुकर हवाय ना? मग लिहा की साठ."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला चोरीच शिकवतोय. "तो मना गावना शे," तो म्हणाला. "तेनावर मी कसा लिखू?"

मुकादम त्याच्या गावचा. गावच्या माणसानं एखादी वस्तू मागितली की ती त्याची झाली. तिच्यावर आपलं नाव घालणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला गरीब म्हणणं, आणि तेही लेखी. तोंडी लिलावात बोललेलं वाऱ्यावर जातं. इथे मी पेन्सिल देऊन सगळ्यांना सांगत होतो की शेजाऱ्याच्या नावाखाली सही करून त्याच्याशी वैर घ्या. अमेरिकेत बहुधा गावचे लोक एकाच शाळेत नसावेत. शेठ खुर्चीत बसून घाम पुसत होते. त्यांच्या हिशेबानं अशी भिंत गुडघ्याएवढी झाली असती.

फक्त एका टेबलापाशी गर्दी होती. प्राचीन मातीच्या भांड्यापाशी बायका जमल्या होत्या, आणि मला आधी अभिमानच वाटला. जवळ गेलो तर एक बाई कागदाची फुलं उपसून बाकावर टाकत होती.

"मास्तर, हाई खापर कोनं शे?" तिनं विचारलं. "फुलं कसाले घालेल शेत?"

खापर. हा शब्द मी घरात ऐकला होता, बायको खानदेशातली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे भांडं चुलीवर पालथं ठेवतात आणि त्याच्या तापलेल्या बुडावर हातावर मोठी केलेली पुरणपोळी टाकतात. पोळी सुपाएवढी, इतकी पातळ की घडी घालून वाढतात. ती पोळी मी तीन वर्षं खात होतो. बायको ती गच्चीवर तीन विटा मांडून भाजायची आणि मी खाली ताटावर बसून वाट बघायचो. पोळी कशावर भाजली हे विचारायची आमच्याकडच्या पुरुषांची पद्धत नाही. बायकांनी मला तिथेच शिकवलं. नवं खापर तडकतं. जे वर्षानुवर्षं तापून काळं झालंय तेच पोळी सोडतं. असं मुरलेलं खापर सुरतेत विकत मिळत नाही, ते आईकडून येतं.

आईकडून, हे ऐकलं आणि मला स्टेशन आठवलं. लग्नानंतरच्या वर्षी माझी सासू भुसावळ लाइनच्या पॅसेंजरनं सुरतेला आली होती. मी उतरवून घ्यायला स्टेशनवर गेलो होतो. तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं, ते तिनं अख्ख्या प्रवासात खाली ठेवलं नव्हतं. ते मीच घरापर्यंत आणलं, आणि एवढं काय भरलंय म्हणून मनातल्या मनात कुरकुरत आणलं. सासू सहा महिन्यांनी वारली. त्यानंतर बायकोनं माहेरहून काही आणलं नाही, कारण माहेर म्हणावं असं मागे उरलं नव्हतं. आणि मी तिच्या आईचं खापर, फुलं खोचून, विकायला ठेवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज त्यापूर्वी कधी वाटली नव्हती. भीतीही वाटत होती, कारण ती त्याच दिवशी संध्याकाळी परत यायची होती.

मी मुख्याध्यापिकाबाईंकडे धावलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "दान दिलेली वस्तू परत? उद्या मी मुलांना काय शिकवू?" मी शेठकडे गेलो. शेठ म्हणाले, अख्ख्या हॉलमध्ये त्या एकाच कागदावर चार नावं आहेत, तेवढं सोडून काहीही मागा. मी म्हटलं, मग मी बोली लावतो. शेठनी भिंतीवरच्या पाचव्या नियमाकडे बोट केलं.

खरंच चार नावं होती. बायका वेगवेगळ्या माहेरच्या, त्यांना नवऱ्यांच्या मुरवतीशी देणंघेणं नव्हतं. सत्तर, नव्वद, शंभर. शंभराखाली कोणीतरी एकशे पाच लिहिलं आणि शंभरवालीनं नाव वाचलं. एकशे पाचवाली तिची जाऊ निघाली. मग जे सुरू झालं त्यात गेल्या दिवाळीचं फराळाचं ताट निघालं, सासूच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं ते निघालं. मागांच्या वर आवाज जाईल असं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. दोघींचे नवरे पुढे सरसावले. मूक लिलावाला दीड तास झाला होता आणि पानवाला दुकान सोडून दारात येऊन उभा होता.

तेव्हा आमचे वॉचमनबाबा उठले. सत्तरीचे, पांढरं धोतर, तरुणपणी धुळ्याकडच्या बैलबाजारात दलाली केलेले. ते मला म्हणाले, "आकडा दिसला म्हणून भांडण झालं, मास्तर. आकडा दिसूच नये. कपड्याखाली करा."

मला कळेना, पण शेठ ताडकन उभे राहिले. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं धरून भाव करतात. किती बोटं धरली यावरून आकडा ठरतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. सुरतेच्या बाजारात जुने हिरेवालेही तेच करायचे, रुमालाखाली.

"आ तो आपणी ज रीत," शेठ म्हणाले. अमेरिकेला जाऊन दोन महिने घालवले ते उगाच, असा त्यांचा चेहरा झाला होता.

कागद गोळा केले. बाबा एका बाकावर बसले, हातावर गुलाबी छापाचा कटपीस टाकला. वस्तू उचलायची, ज्यांना हवी त्यांनी रांगेत यायचं, कपड्याखाली हात घालायचा, बोटं दाबायची आणि निघायचं. सगळ्यात जास्त कोणाचं ते बाबा सांगतील, किती ते फक्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कानात. बाबांच्या शब्दावर वाद नाही. मुकादम आणि त्याचा गाववाला एकामागून एक आले, दोघांनीही गंभीर चेहऱ्यानं हात घातला, आणि कोणी कोणावर चढवलं हे कोणालाच कळलं नाही. कुकर दोनशेच्या वर गेला. सहा महिन्यांच्या केस कापण्याला एवढी रांग लागली की दुसऱ्या एका पालकानं तिथल्या तिथे हजामतीचं दुकान काढायचा विचार बोलून दाखवला. अकराही लेमन सेट गेले. तिसरीच्या बाईंनी आपला परत घेतला.

खापर शेवटी ठेवा, अशी मी बाबांना विनंती केली. मनात काही बेत होता असं नाही. फाशी जितकी उशिरा तितकी बरी, एवढंच. दोन वाजले होते. बाबांनी खापर उचलून बाकावर घेतलं, चौघी बायका रांगेत उभ्या राहिल्या, आणि दारात माझी बायको दिसली.

ती लवकर निघाली होती. कडोदऱ्याहून जीपनं घरी आली, तर कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात. म्हणून पिशवी घेऊन तशीच शाळेत आली. तिची नजर आधी माझ्यावर पडली आणि ती हसली. मग खापरावर पडली. ती पुढे आली, टेबलावरचं कार्ड उचललं आणि वाचलं. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. मी तिला समजावण्यासाठी तोंड उघडलं, पण पलीकडचे माग आणि माझी जीभ यांत मागच जिंकले. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि रांगेत पाचवी उभी राहिली.

पुढची बाई वळली. "तुम्हनं शे का?"

"मनी मायनं शे," बायको म्हणाली.

एवढंच. मग चौघींनी एकेक करून हात घातला आणि काढला. जावा-जावांमध्ये जी शंभरवाली होती तिनं परत फिरताना बायकोच्या खांद्याला हात लावला. मी प्रत्येकीच्या चेहऱ्यावरून आकडा वाचायचा प्रयत्न करत होतो आणि मला काहीही वाचता येत नव्हतं. शेवटी बायकोनं कटपीसखाली हात घातला. बाकीच्यांना क्षणभर लागायचा. हिचा हात आतच राहिला. बाबा खाली बघत होते, तीही खाली बघत होती. बऱ्याच वेळानं बाबांनी मान हलवली.

"मास्तरीणबाईंचं झालं," ते म्हणाले, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या कानाशी लागले.

बाईंनी वहीत लिहिलेला आकडा मी खांद्यावरून बघितला. पाचशे एक. त्या दिवशीची ती सर्वांत मोठी बोली होती. माझा पगार माझ्या डोळ्यांपुढून गेला, पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं. तिनं तेवढे कुठून काढले असतील, असंही मनात आलं. घरखर्चातून साठवलेले असणार, बहिणीच्या बाळंतपणाला नेलेल्यातले उरलेले असणार, आणि ते माझ्या मूर्खपणापायी जाणार. घरी जाताना खापर तिच्या कमरेवर होतं. मी दोनदा हात पुढे केला, तिनं दोन्ही वेळा खापर कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतलं.

सोमवारी मी बाबांना गेटवर गाठलं आणि विचारलं, एवढी बोली तिनं का लावली.

"मास्तरीणबाईंनी बोली लावलीच नाही," बाबा म्हणाले. "नुसता हात धरून बसल्या."

"मग त्या चौघी?"

"चौघींनी मूठ झाकलेली. बोट एकीनंही उघडलं नाही." बाबांनी तंबाखू मळायला घेतली. "उभ्या आयुष्यात असा सौदा केला नव्हता मी. गिऱ्हाईक पाच, बोली एक नाही. असं झालं की भाव दलालानं ठरवायचा."

"म्हणजे पाचशे एक तुम्ही ठरवले?"

"मीच. आणि ते बाईंकडून नाही घ्यायचे, तुमच्याकडून घ्यायचे. मुख्याध्यापिकाबाईंना तसंच सांगितलंय." मग तंबाखूवर थाप मारून म्हणाले, "पाचवा नियम मोडत नाही. बोली तुम्ही लावलीच नाहीत."

मी पैसे भरले. भिंत झाली. आवाज फारसा कमी झाला नाही, कारण वरचे झरोके बुजवायचे राहिले. मुख्याध्यापिकाबाई मात्र भिंतीला हात लावून, समाधानानं निवृत्त झाल्या.

पुढच्या महिन्यात आखाजी आली. बायकोनं त्या चौघींना जेवायला बोलावलं, बाबांना बोलावलं, आणि मला गच्चीवर लाकडं सारायला बसवलं. त्याआधी माळ्यावरून खापर उतरवताना आत काहीतरी सळसळलं. माझं कार्ड होतं. तिनं ते टाकलं नव्हतं, तसंच गोणपाटात बांधलं होतं. मला वाटलं आता ती हसेल, निदान रागावेल तरी. ती रागावली की अहिराणीत, तिच्या माहेरच्या बोलीत, शिरायची, आणि महिनाभर ती माझ्याशी नीट मराठीतच बोलत होती, म्हणजे राग अजून बाहेर पडायचा होता.

पहिली पोळी खापरावर पडली. तिनं कडेनं ती सोडवली, उलटली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "स्टेशनवर मायनी तुमनाच हातमा दिधं व्हतं ते."

धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं मी म्हणालो असतो, पण तिनं विचारलं नाही. मी कार्ड चुलीत घालायला उचललं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, परत गोणपाटात ठेवलं, आणि पोळीची घडी घालून माझ्या हातावर ठेवली.